कीड लागायच्या आधी



यंदाच्या श्रुतपंचमीला आमच्या मंदिरातलं ग्रंथांचं कपाट उघडलं. दरवर्षीच उघडतो. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला सकाळी जिनवाणीची पूजा होते आणि दुपारी महिला मंडळाच्या आम्ही सात-आठ जणी कोरडी फडकी घेऊन बसतो. एकेक ग्रंथ बाहेर काढायचा, वेष्टन सोडायचं, पानं हलक्या हातानं चाळायची, धूळ पुसायची, विरलेलं वेष्टन बदलायचं आणि यादीत खूण करून परत जागेवर ठेवायचा. यंदा खालच्या फळीवरचे तीन ग्रंथ दमट लागले. मागची भिंत हाताला गार लागत होती. बाहेर जाऊन बघितलं तर पावसाच्या पाण्याची पन्हळ फुटलेली. दुरुस्तीला साडेचारशे रुपये लागले. पावसाला पंधरा दिवस राहिले होते. पंचमी नसती तर ते कपाट आम्ही दिवाळीशिवाय उघडलं नसतं, आणि तोवर तीनच काय, खालची सगळी फळी गेली असती.

त्यानंतर महिन्याभरानं एका सरकारी कचेरीत जायचा प्रसंग आला. गावाचं नाव सांगत नाही, कारण गोष्ट एका गावाची नाही. माझ्या आईच्या माहेरच्या जमिनीचा वारसाचा प्रश्न निघाला होता आणि त्यासाठी १९५० च्या दशकातली एक फेरफार नोंद हवी होती. नकलेसाठी अर्ज केला, फी भरली, तीन खेपा घातल्या. चौथ्या खेपेला कागद हातात पडला. त्यावर लिहिलं होतं, अभिलेख अतिजीर्ण झाल्याने नक्कल देता येत नाही.

मी म्हटलं, मला तो अभिलेख बघता तरी येईल का? तिथले कारकून सज्जन होते. "या काकू," म्हणाले आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेले. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे जमिनीपासून छतापर्यंत रचलेले होते. एका कोपऱ्यात छताला ओल होती आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीला टेकलेले सगळ्यात जुने गठ्ठे. त्यांनी एक गठ्ठा सोडला. पानाला बोट लावलं तसा तपकिरी भुगा पडला. त्या भुग्यात कुणाच्या जमिनी होत्या, कुणाच्या मुलींचे हक्क होते.

मी विचारलं, "छत का नाही दुरुस्त करत?" ते म्हणाले, "मागणी केली होती काकू. वरून विचारतात, ह्या रद्दीचा उपयोग काय? आणि आता सगळं स्कॅन होणारच आहे म्हणतात."

त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जात नाही. इतिहासाची कागदपत्रं म्हटली की आपल्याला शिवाजी महाराजांची पत्रं, पेशव्यांचं दप्तर, दिल्लीतलं मोठं अभिलेखागार आठवतं. ते आहेच. पण देशाचा इतिहास तालुक्याच्या त्या खोलीतही आहे. तिथली गोष्ट एवढ्यानंच बिघडते की कुणी वेळेवर पन्हळ बघत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्यासारख्या देशाकडे कागद जपायला पैसा कमीच असणार. दवाखाने, शाळा, पिण्याचं पाणी ह्यांचा हक्क आधी, ह्याबद्दल माझं दुमत नाही. पण म्हणूनच जो थोडा पैसा आहे तो आधी साध्या घरकामावर खर्च व्हायला हवा. कोरडी जागा, फळ्या, यादी, दुसरी प्रत आणि एक जबाबदार माणूस. मशीन त्यानंतर. आज आपण उलट्या क्रमानं चाललो आहोत.

हे मी कुठल्या अधिकारानं सांगते? मी काही इतिहासाची अभ्यासक नाही. बी. कॉम. झाले आणि चाळीस वर्षं घर चालवलं. पण ह्या दोन्ही गोष्टी इथे उपयोगी पडतात.

आधी घराचं सांगते. आपल्या घरात धान्य कसं ठेवतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. गहू निवडून, ऊन दाखवून, एरंडेलाचा हात फिरवून, कडुनिंबाचा पाला घालून, कोरड्या डब्यात. का? कारण एकदा कीड झाली की आपली दोन्हीकडून पंचाईत. साफ करावं तर जीव मरतात, तसंच ठेवावं तर धान्य जातं. म्हणून जीवोत्पत्तीच होऊ नये ह्याची काळजी आधी घ्यायची, असं आपल्याला सासूबाईंनी, आईनं शिकवलं. ही अहिंसा आहे आणि काटकसरही आहे. कागदांचं अगदी तेच. ओल नसेल तर बुरशी येत नाही. जागा झाडलेली असेल, गठ्ठे जमिनीपासून वर आणि भिंतीपासून सुटे असतील, तर वाळवी लागली तरी लवकर दिसते. जुन्या पोथ्यांत आपले लोक वेखंडाची पुरचुंडी ठेवत, लाकडी फळ्यांमध्ये दाबून पोथी घट्ट कापडात बांधत. त्यात औषधापेक्षा शिस्त जास्त होती. वाळवी लागल्यावर फवारणी करायची, पानं तज्ज्ञांकडून एकेक करून सांधून घ्यायची, हे काम फार महाग आणि फार सावकाशीचं. एका पानाच्या दुरुस्तीत जेवढा वेळ जातो तेवढ्यात अख्खी खोली झाडून होईल.

आणि सणांची सांगड बघा. आपली श्रुतपंचमी येते पावसाच्या तोंडावर. श्वेतांबर बहिणींची ज्ञानपंचमी येते कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे पाऊस संपल्यावर. एक पावसाआधी तपासायला, दुसरी पावसानंतर हवा दाखवायला. पाटण आणि जेसलमेरच्या ज्ञानभांडारांत शेकडो वर्षांपूर्वीच्या ताडपत्रांच्या पोथ्या आजही आहेत. जेसलमेरची हवा कोरडी, भांडार किल्ल्यातल्या मंदिराखाली, हे खरंच. पण नुसत्या हवेनं भागत नाही. तिथल्या ग्रंथांची नीट यादी व्हावी म्हणून मुनी पुण्यविजयजी १९५० साली तिथे गेले आणि वर्षाहून जास्त काळ त्यांनी तेच काम केलं.

आता कॉमर्सचं सांगते. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की स्टॉक रजिस्टर नसेल तर गोदामात माल आहे की नाही हे मालकालाही कळत नाही. चोरी झाली तरी कळत नाही, कारण काय होतं हेच लिहिलेलं नाही. अभिलेखांच्या खोलीत यादी नसेल तर तिथे नक्की काय आहे हे कोणीच सांगू शकत नाही. मग "सापडत नाही" आणि "नष्ट झालं" ह्यात फरक राहत नाही. यादीला काय लागतं? एक जाड वही, पेन, आणि वाचता येणारा माणूस.

वाचता येणारा माणूस, हे मुद्दाम म्हणते. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला महाराष्ट्रात जुनी दप्तरं उघडली गेली तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिलं की मोडी वाचणारे शोधून आणावे लागले. त्या वादात कोणाचं बरोबर हा माझा विषय नाही. माझं लक्ष एवढ्याकडेच गेलं की ज्या कागदांना काल रद्दी म्हणत होते त्यावर आज लाखो घरांचं लक्ष लागलं. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागद कोट्यवधींच्या संख्येनं आहेत. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ ह्या काळात त्यातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापून काढले. पंचेचाळीस भाग म्हणजे केवढं काम! तरीही दप्तराच्या मानानं ती चिमूट. बाकीचं वाचायला मोडीचे वर्ग हवेत, आणि मोडीच्या वर्गाला फळा आणि खडू पुरतो.

आता तुम्ही म्हणाल, काकू, काळ बदलला, सगळं स्कॅन करा, मोबाइलवर दिसेल, कागदाची कटकटच मिटेल. आमचे चिरंजीवही हेच म्हणतात. स्कॅन करायला माझा विरोध नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल ह्या संकेतस्थळावर घरबसल्या जुने कागद पाहता येतात, ही मोठी सोय आहे. स्कॅन म्हणजे दुसरी प्रत, आणि दुसरी प्रत हवीच. २०१२ च्या जूनमध्ये मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले, तेव्हा किती फायली गेल्या आणि त्या पुन्हा उभ्या करताना काय धावपळ झाली ते आठवा. एकाच जागी एकच प्रत, हा जुगार आहे.

पण स्कॅन झालं म्हणून मूळ कागद टाकून द्यायचा, हे मला पटत नाही. ह्याला माझ्याकडे एक घरातलं कारण आहे आणि एक धर्मग्रंथाचं.

घरातलं असं. माझ्या लेकीच्या लग्नाची सीडी आमच्याकडे आहे, वीस वर्षांपूर्वीची. आज ती लावायला घरात यंत्र नाही आणि शेजाऱ्याकडे लावली तर मध्येच अडकते. त्याच कपाटात माझ्या सासऱ्यांची १९५८ सालची खातेवही आहे. ती उघडायला फक्त डोळे लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या सांगलीत पूर आला तेव्हा ती वही माळ्यावर होती म्हणून वाचली. खालच्या कपाटातल्या वह्या भिजल्या. त्या आम्ही सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये कोरे कागद घालून घालून वाळवल्या. काही वाचल्या, काही चिकटून दगड झाल्या. डिजिटल प्रतीलाही देखभाल लागते. दर काही वर्षांनी ती नव्या यंत्रावर उतरवून घ्यावी लागते, त्याचा खर्च दरवर्षी येत राहतो. तो खर्च कुणी अंदाजपत्रकात धरतं का?

धर्मग्रंथाचं कारण जरा सविस्तर सांगते, कारण त्यात आपल्या महाराष्ट्राची माणसं आहेत.

षट्खंडागमावरची वीरसेनाचार्यांची धवला टीका नवव्या शतकातली. तिच्या जुन्या ताडपत्रांच्या पोथ्या शेकडो वर्षं दक्षिण कन्नडमधल्या मूडबिद्रीत सिद्धांत बसदीत होत्या. जुन्या कानडी लिपीत. लोक दर्शन घेत, वाचत कोणी नसे. भक्ती होती, पण ग्रंथ एकाच जागी अडकलेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईचे सेठ माणिकचंद आणि सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद दोशी ह्यांनी मनावर घेतलं आणि १८९६ च्या सुमारास प्रती करायचं काम सुरू झालं. सगळे सिद्धांतग्रंथ उतरवून व्हायला १९२२ साल उजाडलं. पण ह्या प्रतीही तिथेच राहणार होत्या. प्रती करणाऱ्यांत मिरजेचे गजपती शास्त्री होते. त्यांनी आपल्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीनं गुपचूप आणखी एक प्रत तयार केली. तीच पुढे उत्तरेत सहारनपूरला गेली, तिच्यावरून आणखी प्रती झाल्या, आणि त्या प्रतींवरून डॉ. हिरालाल जैन ह्यांनी १९३९ साली अमरावतीहून धवलेचा पहिला भाग छापून काढला. पुढे सोळा भाग झाले.

गुपचूप केलं ते अचौर्य व्रताला धरून होतं का, ह्यावर आमच्या मंडळात एकदा चांगला तासभर वाद झाला. मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते, दोष असला तर तो ग्रंथ कुलपात ठेवणाऱ्या व्यवस्थेचा जास्त. लक्ष्मीबाईंचं नाव मात्र आपल्या किती मुलींना माहीत आहे? समईच्या उजेडात बसून असेल की दिवसा, कसं लिहिलं असेल त्या बाईंनी, असं दर श्रुतपंचमीला माझ्या मनात येतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. छापताना संपादकांना पहिल्या भागातल्या ९३ व्या सूत्रात एक शब्द सुटलाय असं वाटलं. संजद, म्हणजे संयत, एवढाच शब्द. ते सूत्र स्त्रियांना कोणकोणती गुणस्थानं संभवतात ह्याबद्दलचं आहे. हातात असलेल्या प्रतींत तो शब्द नव्हता. पंडितांमध्ये मोठा वाद झाला. मग मूडबिद्रीच्या मूळ ताडपत्रांशी पडताळून पाहिलं, तेव्हा तो शब्द तिथे सापडला. उतरवताना कुठेतरी गळला होता. त्याचा अर्थ कसा लावायचा ह्यावर पंडित आजही बोलतील, मी त्यात पडत नाही. मी एवढंच म्हणते की प्रत झाली म्हणून मूळ पानं टाकून दिली असती, तर बाईमाणसाच्या वाट्याला काय येतं ते सांगणारा तो शब्द कायमचा गेला असता. स्कॅन करतानाही पान सुटतं, कोपरा दुमडलेला राहतो, फिकट शाई उमटत नाही. पडताळायला मूळ हवंच.

प्रतीनं ग्रंथ पसरला, मुळानं चूक दुरुस्त झाली. दोन्ही हवीत. आचार्य शांतिसागर महाराजांनी ह्या सिद्धांतग्रंथांचा काही भाग किडीनं गेल्याचं ऐकून ग्रंथ ताम्रपटांवर कोरवून घेतले. ते मोठं कार्य. पण सगळ्या देशाचं दप्तर काही तांब्यावर कोरता येणार नाही. आपल्याला परवडतं ते फडकं आणि वही.

सगळंच जपायचं का? नाही. अपरिग्रह इथेही लागू आहे. घर आवरताना मी जुनी विजेची बिलं ठेवत नाही, पण मुलांचे जन्मदाखले टाकत नाही. सरकारातही अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे, कायम ठेवायचं काय आणि मुदत संपल्यावर काढायचं काय हे ठरलेलं आहे. ते नियमानं केलं तर निम्मी जागा आपोआप मोकळी होईल आणि अ वर्गाच्या कागदांना फळी मिळेल. अडचण अशी की निकामी कागद कोणी सही करून काढत नाही आणि मोलाचे कागद त्यांच्या खाली चेपून मरतात.

कायदाही आहे. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. केंद्राच्या कायद्यात प्रत्येक कार्यालयानं एक अभिलेख अधिकारी नेमायचा आहे. १८९२ पूर्वीचा कागद, अगदीच निकामी झाल्याचं अभिलेखागाराच्या प्रमुखाचं मत असल्याशिवाय, नष्ट करता येत नाही. कायदा मोडून कागद नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. फाडणाऱ्याला शिक्षा आहे, ते योग्यच. पण छत गळताना बघत बसलं तरी कागद नष्टच होतो. त्याचा जाब कोण कोणाला विचारतो?

म्हणून माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक तालुक्याच्या अभिलेख कक्षात वर्षातून दोन दिवस ठरवा, एक मृगाच्या आधी, एक दिवाळीनंतर. त्या दिवशी कक्ष उघडायचा, झाडायचा, छत-भिंत-पन्हळ बघायची, गठ्ठे यादीशी ताडून पाहायचे आणि काय गेलं, काय बिघडलं ते एका पानावर लिहून दारावर लावायचं, लोकांना वाचता येईल असं. आधी ह्याला पैसे द्या. मग फळ्यांना. मग यादीला. स्कॅनिंगचं टेंडर त्यानंतर काढा, म्हणजे निदान काय स्कॅन करतोय हे तरी माहीत असेल. २०२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात ज्ञान भारतम् म्हणून एक कोटीहून जास्त हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाची आणि जतनाची योजना जाहीर झाली, त्याचा मला मनापासून आनंद आहे. तालुक्याच्या फेरफार वह्या हस्तलिखित म्हणून कोणी पुजणार नाही. पण गरिबाच्या घरचा आगम तोच आहे.

आणि आपणही आपल्याकडून करूया. मंदिरातल्या ग्रंथांची यादी नसेल तर करा आणि तिची एक प्रत मंदिराबाहेर, दुसऱ्या घरी ठेवा. जुनी पानं लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, कडक उन्हात टाकू नका. खाली जमिनीला टेकवू नका. ज्याला मोडी वाचता येते अशा आजोबांना शोधा आणि एखाद्या नातवंडाला त्यांच्यापाशी बसवा.

माझ्या फेरफार नोंदीचं काय झालं? मामेभावाच्या घरी, आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत, तिची एक जुनी सही-शिक्क्याची नक्कल सापडली. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. कागदावर शिक्का आहे म्हणजे तो जपायचा, एवढं तिला कळत होतं. तिनं तो मलमलच्या तुकड्यात गुंडाळून साड्यांच्या मध्ये ठेवला होता. आमचं काम पुढे सरकलं. ज्यांच्या आजीकडे ट्रंक नव्हती, त्यांचा हक्क अजून त्या ओल्या कोपऱ्यात आहे.

त्या कारकुनांना मी परवा फोन केला होता. छताचं विचारलं. म्हणाले, "अजून मंजुरी नाही काकू. पण तुम्ही गेल्यावर मी तो कोपऱ्यातला ढीग दुसऱ्या बाजूला, बाकावर हलवलाय." त्याला एक रुपयाही लागला नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही मंडळाच्या चौघी वरिष्ठांना छताबद्दल लेखी अर्ज द्यायला जाणार आहोत. अर्जाची पोचपावती घेऊ आणि तिची एक प्रत घरी ठेवू.

जय जिनेंद्र.